उलटी भातुकली

२०२० साली आयकिया ही स्वीडिश फर्निचर कंपनी आणि लेगो ही डॅनिश खेळण्यांची कंपनी यांनी मिळून 'बिगलेक' नावाची एक वस्तू बाजारात आणली. स्वीडिश भाषेत या जोडशब्दाच्या पहिल्या भागाचा अर्थ बांधणे आणि दुसऱ्याचा खेळ. वस्तू दिसायला अगदी साधी. पांढऱ्या प्लॅस्टिकचे झाकणबंद डबे, आणि झाकणावर लेगोच्या ठोकळ्यांवर असतात तसे बटणासारखे गोल उंचवटे. खेळ संपला की ठोकळे डब्यात जातात. हवे असल्यास झाकणावरच घर, पूल किंवा किल्ला बांधता येतो आणि तो न मोडता डबा फळीवर ठेवून देता येतो. त्याच वर्षी लेगोने आदिदासबरोबर बूट आणि लीव्हाईजबरोबर कपडे आणले. २०२२च्या जानेवारीत बार्बीने बाल्माँ या फ्रेंच फॅशनगृहाशी हातमिळवणी केली. या घटनांकडे बाजारपेठेतल्या किरकोळ चमत्कृती म्हणून पाहता येईल. परंतु वस्तू ही वाचण्याजोगी गोष्ट असते, हे ज्यांनी साहित्याच्या वर्गात एकदा मान्य केले, त्यांना असे सहज पुढे जाता येणार नाही.

अशा हातमिळवण्यांविषयी आपल्याकडची सुशिक्षित प्रतिक्रिया ठरलेली असते. बाजाराने बालपणही गिळले, एकेकाळी खेळणी निरागस होती, आता तीही 'ब्रँड' झाली, असा तो सूर. हा सूर मला पटत नाही. कारण तो ज्या निरागस भूतकाळाची आठवण काढतो, तो इतिहासात सापडत नाही.

लेगोचेच उदाहरण घेऊ. बिलुंड या डेन्मार्कमधल्या लहानशा गावात ओले कर्क क्रिस्टियानसेन हा सुतार राहत असे. जागतिक मंदीत बांधकामाची कामे आटली, तेव्हा १९३२च्या सुमारास तो शिड्या, स्टुले, इस्त्रीच्या फळ्या आणि लाकडी खेळणी अशा वस्तू करू लागला. 'चांगले खेळ' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून बनलेले लेगो हे नाव १९३४चे. आज आपण ज्याला लेगो म्हणतो त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचे पेटंट १९५८चे. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि त्यानंतर कंपनीने लाकडाचा मार्ग सोडला. म्हणजे फर्निचर आणि खेळणे हे मुळात एकाच सुताराच्या पाटावर, एकाच लाकडातून, एकाच गरजेपोटी जन्मले. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीचा इतिहासही यापेक्षा फार वेगळे काही सांगत नाही. रंगवलेले पाट, गंजिफा, लाकडी फळे आणि खेळणी हे सारे एकाच परंपरेच्या हातचे काम. तेव्हा आयकिया आणि लेगो एकत्र आले यात 'भ्रष्ट होणे' कुठे आहे? एका अर्थी विभक्त भावंडे पुन्हा एका छपराखाली आली, इतकेच.

बार्बीच्या बाबतीत तर निरागसतेचा दावाच करता येत नाही. मार्च १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ती प्रथम मांडली गेली, तेव्हाच तिचा व्यवहार स्पष्ट होता. बाहुली एकदा घ्यायची आणि तिचे कपडे पुनःपुन्हा घेत राहायचे. १९८५ साली ऑस्कर दे ला रेंटासारख्या नामवंत वस्त्रकाराने तिच्यासाठी पोशाख रचले. फॅशन बार्बीत बाहेरून शिरलेली नाही. ती तिच्या रचनेतच आहे.

मग बदलले काय? माझे म्हणणे असे, की बदलली ती दिशा.

भातुकलीचा विचार करा. चूल, जाते, पोळपाट-लाटणे, हंडा, परात असा मोठ्यांचा सारा संसार तिथे बोटभर होऊन मुलाच्या हाती येतो. मोठे जग लहान होऊन खाली उतरते. ऑस्कर दे ला रेंटाचा पोशाख बार्बीच्या अंगावर आला तेव्हाही प्रवास याच दिशेने होता. पॅरिस-न्यूयॉर्कची फॅशन साडेअकरा इंचांच्या बाहुलीपर्यंत आली. २०१४च्या सप्टेंबरमध्ये मिलान येथे मोस्किनोच्या जेरेमी स्कॉटने बार्बीवरून सुचलेले कपडे प्रौढ स्त्रियांच्या अंगावर दाखवले, तेव्हा हा प्रवास उलटा झालेला दिसतो. बाल्माँच्या २०२२च्या संग्रहात पन्नासाहून अधिक वस्त्रे आणि वस्तू होत्या, त्या बाहुलीसाठी नव्हत्या, मोठ्या माणसांसाठी होत्या. सोबत बार्बीच्या तीन आभासी प्रतिमा लिलावात निघाल्या. त्या तर कुठल्याच हातात धरता येण्याजोग्या नव्हत्या. पूर्वी जग लहान होऊन खेळण्यात येई, आता खेळणे मोठे होऊन जगावर पांघरले जाते. ही उलटी भातुकली आहे.

या उलटण्याचा अर्थ लावताना रोलाँ बार्थ याची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५७च्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहात खेळण्यांवर त्याचा एक छोटा निबंध आहे. त्याची तक्रार अशी, की तत्कालीन फ्रेंच खेळणी म्हणजे प्रौढांच्या जगाची छोटी आवृत्ती. सैन्य, टपाल, दवाखाना, घरकाम हे सारे त्यांत तयार असते. मूल अशा खेळण्याचा मालक होते, वापरणारा होते, निर्माता मात्र होत नाही. याला अपवाद म्हणून तो साध्या ठोकळ्यांचा उल्लेख करतो आणि लाकडाच्या ऊबदारपणाची बाजू घेऊन प्लॅस्टिकला नाके मुरडतो.

बार्थच्या या निबंधातला लाकडाचा भाग काळाने खोटा ठरवला आहे, असे मला वाटते. जपानच्या मेडिकॉम टॉय कंपनीने २००१पासून 'बेअरब्रिक' ही ठोकळेबाज अस्वले बनवायला सुरुवात केली. पुढे कारीमोकू या जपानी फर्निचर कंपनीबरोबर त्यांच्या लाकडी आवृत्त्या निघाल्या. कारागिरी उत्तम, लाकूड अस्सल. पण ती अस्वले बहुधा संग्राहकांच्या काचेच्या कपाटात उभी असतात. लाकूड आहे, ऊब आहे, मूल मात्र नाही. उलट बार्थने ज्याचा तिरस्कार केला त्याच प्लॅस्टिकचा लेगो-ठोकळा हा, जोवर तो सुटा आहे तोवर, त्याच्या आवडत्या साध्या ठोकळ्याचाच वारस आहे. तेव्हा कसोटी पदार्थाची नाही. मालक आणि निर्माता हा जो भेद बार्थने केला, तो मात्र आजही टिकून आहे आणि याच भेदाने या हातमिळवण्या तपासल्या पाहिजेत. खेळणाऱ्याला करण्यासारखे काय उरले, एवढेच विचारायचे.

ही कसोटी लावली की सरसकट निषेध आणि सरसकट कौतुक दोन्ही गळून पडतात. लीव्हाईजच्या त्या कपड्यांवर लवचीक सिलिकॉनचे पट्टे होते, त्यांवर रंगीत ठिपके बसवून आपली नक्षी आपणच करता येत असे. २०२१च्या एका आदिदास बुटावर तिन्ही पट्ट्यांच्या जागी ठोकळे बसवण्याची सोय होती. हे थोडके आहे, व्यापारी आहे, तरी हाताला काही काम ठेवणारे आहे. याउलट खेळण्याचे केवळ नाव आणि रंग छापलेला महागडा सदरा अंगात घालणाऱ्याकडे कशाचीच अपेक्षा करत नाही. तो फक्त सांगतो, 'याचे बालपण होते, आणि ते विकत घेण्याची याची ऐपत आहे.' तिथे खेळणे संपून खेळण्याचे चिन्ह उरलेले असते.

बोदलेर याने १८५३मध्ये खेळण्यांवर लिहिताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. मुलांना आपल्या खेळण्याचा आत्मा पाहायचा असतो, म्हणून ती त्याला हलवतात, आपटतात आणि अखेर फोडतात. आत्मा सापडत नाही, तिथून खिन्नता सुरू होते. आजच्या संग्राहकांच्या बाजारात न उघडलेल्या खोक्याला जास्त किंमत येते. म्हणजे ज्याचा आत्मा कुणी कधी शोधलाच नाही, ते खेळणे सर्वांत मौल्यवान. बोदलेरच्या मुलाला जी खिन्नता भोगावी लागली, तिच्यातही अनुभवाची एक श्रीमंती होती, आणि तीच इथे टाळली जाते.

फर्निचरचा प्रश्न थोडा वेगळा आणि मला अधिक कठीण वाटतो, कारण तिथे पसाऱ्याचा संबंध येतो. प्रत्येक घरात मूल आणि मोठी माणसे यांच्यात पसाऱ्यावरून एक जुने भांडण चालू असते. मोठ्यांना जो पसारा दिसतो, तो मुलाच्या लेखी अर्धवट राहिलेला मजकूर असतो. आवरणे म्हणजे तो मजकूर पुसणे. दिवाळीत अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात माती-दगडांचा किल्ला होतो, तेव्हा चार-आठ दिवस कुणी त्याला 'आवर' म्हणत नाही. त्या मुदतीपुरते मुलाच्या रचनेला घराने जागा दिलेली असते. बिगलेकचा डबा या भांडणात कुणाच्या बाजूने उभा आहे? तो बैठकीच्या खोलीच्या पांढऱ्या, नीटस अभिरुचीला शरण जाऊन खेळाला झाकणाखाली घालतो, असे एक वाचन होईल. त्याच झाकणावर अर्धा पूल रात्रभर उभा राहू शकतो आणि सकाळी पुढे बांधता येतो, असे दुसरे वाचन. दोन्ही खरी आहेत. पण अर्धवट रचनेला उद्यापर्यंत टिकू देणारी वस्तू मी मुलाच्या बाजूची मानेन.

आपल्या जवळचे एक उदाहरण या कसोटीला ताण देणारे आहे. २०२४च्या ऑक्टोबरात मॅटेलने दिवाळीनिमित्त एक बार्बी आणली. तिचा पोशाख मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी रचलेला होता, त्यावर डेलिया, जाई आणि कमळ यांची नक्षी. परदेशी शाळेत जाणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला आपल्या सणाची, आपल्या वर्णाची बाहुली दुकानात दिसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि जिला ती लहानपणी दिसली नाही तिला हे सांगावे लागत नाही. तरीही प्रश्न उरतोच. चिंध्यांच्या बाहुलीला शिंप्याकडच्या उरलेल्या तुकड्यांतून परकर-पोलके शिवणारी मुलगी ओबडधोबड का होईना, वस्त्रकार होत असे. डोंगऱ्यांच्या बाहुलीत ते काम आधीच, आणि फार सुंदर रीतीने, उरकलेले आहे. प्रतिनिधित्व मिळाले, निर्मिती मात्र दुसऱ्याने केली. यावर उपाय त्या मुलीच्या हातातच आहे. तिने तो देखणा लेहेंगा उतरवून बाहुलीला हातरुमालाची साडी नेसवली, की खेळ सुरू झाला. फक्त 'खराब करू नको' असे म्हणणारे कुणी जवळ नसावे.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. मोठ्या माणसांना खेळण्याचा हक्क नाही का? योहान हुइझिंगाने १९३८च्या 'होमो लुडेन्स'मध्ये खेळ हा संस्कृतीहूनही जुना असल्याचे मांडले, ते प्रौढांना वगळून नव्हे. लेगोने २०२०पासून आपल्या मोठ्या, गुंतागुंतीच्या संचांवर १८+ असा वयोगट छापायला सुरुवात केली. दिवसभर कचेरीत राबून आलेला माणूस रात्री तासभर ठोकळे जुळवत बसला, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. त्याचे हात चालतात, चुकतात, पुन्हा जुळवतात. माझा आक्षेप खेळणाऱ्या प्रौढाला नाही. खेळ न खेळता त्याची खूण मिरवण्याला आहे. त्यातही एक करुणा आहे, हे मान्य केले पाहिजे. खेळायला वेळ नसलेल्या पिढीला खेळ अंगावर घालून हिंडावेसे वाटते, यात बाजाराची हुशारी जितकी, तितकीच त्या पिढीची भूकही.

बार्थने पुढे १९७०च्या 'एस/झेड'मध्ये संहितांचे दोन वर्ग केले. एक, जी वाचकाकडून केवळ स्वीकार मागते, आणि दुसरी, जी त्याला लिहिण्यात ओढून घेते. खेळण्यांवरचा तो छोटा निबंध आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचले, तर मालक आणि निर्माता या जुन्या भेदालाच तो तेरा वर्षांनी साहित्याच्या भाषेत पुन्हा भेटतो आहे असे जाणवते. आमच्या वर्गांत ही संज्ञांची जोडी परीक्षेपुरती पाठ केली जाते. तिच्या उदाहरणासाठी बाल्झाकच्या कथेपर्यंत जावे लागते असे विद्यार्थ्यांना वाटते. शिक्षकाने एका तासाला सुटे ठोकळे आणि त्याच कंपनीचे नाव मिरवणारा एखादा सदरा टेबलावर शेजारी ठेवावा. कोणता मजकूर लिहू देतो आणि कोणता फक्त वाचून दाखवला जातो, हे मग विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. पुढची हातमिळवणी जाहीर होईल तेव्हा तिच्याकडे पाहण्यासाठी त्यांच्याजवळ निदान एक प्रश्न तयार असेल.