बोलकं घर आणि आपली जयणा



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. विहारात असलेल्या महासतीजी आमच्या झरी जामणीत थांबल्या होत्या. सकाळी गोचरीला आमच्या दारी आल्या. सासूबाई "पधारो महाराजसाहेब" म्हणत पुढे झाल्या. स्वयंपाकघराकडे जाणारा आमचा बोळ दिवसाही अंधारा. मुलाने हौसेने तिथे सेन्सरचा दिवा बसवला होता. महासतीजींचं पाऊल पडलं आणि दिवा भक्कन लागला. त्या जागीच थांबल्या आणि काही न बोलता मागे फिरल्या. घर असूझतं झालं. पोळ्या, भाजी, उकळलेलं पाणी, सगळं निर्दोष होतं. दोष दिव्याचा होता, आणि दिवा आमचा होता.

सासूबाई त्या दिवशी कुणाला रागावल्या नाहीत, पण जेवल्याही नाहीत. तेव्हापासून मी या 'स्मार्ट होम'चा नीट विचार करायला लागले. आता घराघरांत मुलं हे सामान मागवतात, म्हणून तुमच्यासाठी लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. आपण ठरवून दिलेलं काम ठरलेल्या वेळी करून गप्प बसणारं यंत्र आपल्या घराला चालेल. प्रत्येक पावलाला जागं होणारं आणि दिवसभर कान देऊन बसणारं यंत्र नको.

का, ते सांगते. सामायिक घेताना आपण सावद्य काम करायचं सोडतो आणि करवायचंही सोडतो. मनाने, वाचेने आणि कायेने. मग आसनावर बसून "अलेक्सा, पंखा लाव" म्हटलं तर हात हलला नाही, पण वाचेने करवलंच की! बटण दाबलं नाही म्हणजे आपण सुटलो, असं होत नाही. वीज सचित्त की अचित्त, यावर आपल्या संप्रदायांत एकमत नाही. तेरापंथात ती अचित्त मानतात, आम्ही स्थानकवासी तेउकाय मानतो. पण बोलायच्या आधी विचार करायची सवय तर सगळ्यांनाच हवी. बोलताक्षणी काम होऊ लागलं की ती सवय आधी सुटते.

टायमरचं तसं नाही. धर्मनियम काटेकोर पाळणारी ज्यू कुटुंबं शब्बाथच्या दिवशी दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीत. शुक्रवारी सूर्यास्ताआधीच टायमर लावून ठेवतात. आधी लावून ठेवला म्हणजे आरंभ टळला असं मी म्हणत नाही; त्याबद्दल आपापल्या गुरुभगवंतांना विचारावं. पण टायमरला मर्यादा असते, आणि ती आपण शांत डोक्याने घातलेली असते.

आमच्या घरात काय ठेवलं ते सांगते.

पहिली, सूर्यास्ताची आठवण. आमच्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या सुमारास. गावाचं नाव टाकलं की ॲप रोजची वेळ स्वतःच बदलतं. 'सूर्यास्ताआधी 45 मिनिटं' असं लावलं आहे. चौविहार करणाऱ्यांची आता धावपळ होत नाही.

दुसरा, अंगणातला दिवा. पावसाळ्यात रात्रभर दिवा जळला की सकाळी खाली पतंगकिड्यांचा खच पडतो आणि भिंतीवर पाली टपलेल्या असतात. आता दिवा साडेनऊला आपोआप बंद होतो.

तिसरा, टाकी भरली की मोटर बंद करणारा कंट्रोलर. त्याला नेटही लागत नाही, ॲपही लागत नाही. गच्चीवरून पाणी वाहायचं बंद झालं. माझ्या मते यातली सगळ्यात स्मार्ट वस्तू हीच.

चौथा, गिझरचा टायमर. दोन हजार वॅटचा गिझर तासभर तापत राहिला की दोन युनिट जातात. मात्र गिझरला 16 अँपिअरचाच प्लग घ्या. साधा छोटा प्लग तापून वितळतो.

विकत घेताना काही गोष्टी आवर्जून बघा. जुनी बटणं तशीच चालली पाहिजेत. बोर्डाच्या मागे बसणारे छोटे स्विच मिळतात, ते ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा. सासूबाईंना फोन उघडल्याशिवाय दिवा लावता येत नसेल, तर ते घर त्यांचं उरत नाही. नेटचा राउटर बंद करून टायमर चालतो का ते तपासा. आपल्याकडे लाईट आणि नेट दोन्ही कधी जातील याचा नेम नाही. गेलेली लाईट परत आल्यावर सगळं बंदच राहील, अशी सेटिंग ॲपमध्ये आहे का तेही पाहा. नाहीतर मध्यरात्री लाईट येते आणि घरभर दिवे-पंखे सुरू होतात.

ऐकणारा स्पीकर आणि घरातला कॅमेरा मी काढून टाकला. मुलगा म्हणाला, "आई, तू मागे चाललीस." मी म्हटलं, "बाळा, सासू-सुनेचं, नवरा-बायकोचं बोलणं घरातच राहावं, एवढंच मला हवं." शिवाय नातवंडं 'प्लीज' न म्हणता हुकूम सोडायला शिकतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आपलं आठवं व्रत अनर्थदंड विरमणाचं. विनाकारण होणारं पाप टाळा, एवढंच ते सांगतं. म्हणून कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते: हिच्यामुळे माझ्या घरातला आरंभ कमी होणार की वाढणार? कमी होणार असेल तर घ्यावी. नुसती गंमत असेल तर परिग्रहात एक वस्तू वाढली, एवढंच.

बोळातला सेन्सर निघाला. तिथे आता छपराला काचेचं कौल बसवलं आहे. दिवसभर उजेड येतो. सासूबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून भावना भावतात. महासतीजी पुन्हा या वाटेने येतील, तेव्हा आमचं घर सूझतं असेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम.