तळ्याभोवतीची पायवाट

बीडमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं की आपली यादी तयार असते. कपिलधारचा धबधबा, सौताड्याचा रामेश्वर, कंकालेश्वर, खजाना विहीर, धारूरचा किल्ला, वेळ असेल तर अंबाजोगाई आणि परळी. ही सगळी पोहोचायची ठिकाणं. गाडी लावायची, बघायचं, फोटो काढायचे, निघायचं. चालायचं ठिकाण म्हणून आपण एकही सांगत नाही. बिंदुसरा धरण शहराला लागून आहे, पण शेजारून सोलापूर-धुळे महामार्ग धावतो आणि धरण भरून वाहू लागलं की जत्रा भरते. मला मात्र वाटतं, या जिल्ह्याला एका अगदी साध्या गोष्टीची गरज आहे आणि ती आपल्याकडे आहेसुद्धा. बालाघाटच्या डोंगरातल्या एखाद्या शांत तळ्याला पायी एक फेरी.

मी जातो तो एक पाझर तलाव आहे, वनखात्याच्या हद्दीला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईल. फेरी चारेक किलोमीटरची, रमतगमत दीड तासाची. सुरुवात पाळीवरून करायची. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली विहिरी आणि हिरवी शेतं. ते हिरवं म्हणजेच या तलावाचं काम. याला कालवा नसतो. पाणी जमिनीत मुरतं आणि पाळीखालच्या विहिरींना जाऊन मिळतं. पाळ संपली की सांडवा. तो वाहत असेल तर तिथूनच परत फिरायचं, शहाणपणा करायचा नाही. कोरडा असला की ओलांडून पायवाट झाडीत शिरते.

झाडी म्हटल्यावर कोकण डोळ्यासमोर आणू नका. वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला मुलूख. खैर, धावडा, पळस, बाभूळ, लावलेली गिरिपुष्पं आणि जिकडे तिकडे सीताफळ. शेळ्या सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बाकी डोंगर ओरबाडला गेला तरी ते टिकलं. बीडच्या सीताफळाला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात शेळ्यांचाही थोडा वाटा समजायला हरकत नाही. हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक उतरतात, थेट लडाख-तिबेटकडून आलेले, गेरूच्या रंगाचे. वरच्या अंगाला जिथे ओढा तलावाला मिळतो, तिथे टिटवीशिवाय कुणी बोलत नाही.

चढ नाही, कडा नाही, सर करायला काहीच नाही. आणि हाच माझा मुद्दा आहे. पुण्या-मुंबईकडून आपल्याकडे 'ट्रेक' हा शब्द आला आणि त्याच्यासोबत बूट, काठ्या, 'हा किल्ला सर केला' अशी भाषा आली. तरुणांनी किल्ले जरूर चढावेत. पण ज्यांच्या गुडघ्यात जोर नाही, ज्यांना साखर आहे, ज्यांच्याकडे फक्त एक सकाळ आहे, त्यांच्यासाठी आपण काय ठेवलं आहे?

अम्मीला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. कुठे चालणार? मोहल्ल्याच्या गल्लीत दुचाक्या, मैदानावर पुरुषांचे घोळके. साठी ओलांडलेली बुरख्यातली बाई मैदानाला चकरा मारू लागली की दहा माना वळतात. आपल्या घरातल्या बायका दर्ग्याला जातात, दावतीला जातात, दवाखान्यात जातात. कामाशिवाय, कारणाशिवाय कुठेही जात नाहीत. मागच्या हिवाळ्यात अम्मी आणि भाभी दोघींना तळ्यावर नेलं. निम्म्या वाटेत अम्मी दगडावर बसली, चप्पल काढली आणि भाभीला म्हणाली, "यहां कोई देखता नै ना." बाकी निसर्गसौंदर्याबद्दल ती काही बोलली नाही. उरलेली फेरी तिने पूर्ण केली, आणि आता आठवड्याला ती मलाच विचारते.

दुसरी गोष्ट लिहायला जरा अवघड आहे, तरी लिहितो. या जिल्ह्यात नाव सांगितलं की काम भागत नाही, आडनाव लागतं. २०२५ साली बीडच्या पोलिसांनी टेबलांवर आडनाव नसलेल्या, फक्त नावाच्या पाट्या ठेवल्या. ती वेळ का आली हे सगळ्यांना माहीत आहे. मला ते पाऊल आवडलं, पण पाटीवरून पुसलेलं आडनाव चहाच्या टपरीवर पुन्हा विचारलंच जातं. 'कुठले तुम्ही?' हा प्रश्न आपल्याकडे गावासाठी नसतो. आमचं तर नावातच सगळं येतं, आडनावापर्यंत जायची गरजही पडत नाही. तळ्यावर समोरून येणारा गुराखी मला एकच विचारतो, "तिकडं दोन शेळ्या दिसल्या का?" दिसल्या असतील तर सांगायचं, नसतील तर तोही पुढे, मीही पुढे. एका तळ्याने समाज बदलतो असं मी म्हणत नाही. पण ओळख न देता दीड तास चालता येईल अशा जागा जिल्ह्यात मोजक्याच उरल्या आहेत.

म्हणूनच 'तलावाचा विकास' हे शब्द वाचले की मला धास्ती वाटते. विकास म्हणजे कमान, कमानीवर नाव, मग ते नाव कुणाचं यावरून वाद. पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट, बोट, स्पीकर. मी तळ्याचं नाव लिहीत नाही ते याच भीतीने. फेरीला फार काही लागत नाही. पावसाळ्यानंतर वाटेवरची वेडी बाभूळ छाटायची. सुरुवातीला एक पाटी, अंतर किती आणि पाणी कुठे खोल हे सांगणारी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाळ काढताना काठ उभा कापायचा नाही. गाळमुक्त धरण योजनेत गाळ शेतात जातो हे चांगलंच आहे. पण मशीनने उभे खड्डे पाडून ठेवले की पुढच्या पावसात ते पाण्याखाली दिसत नाहीत, आणि पोहायला उतरलेली पोरं त्यातच बुडतात. काठ उतरता ठेवला तर गुरांनाही पाण्यापर्यंत जाता येतं, माणसालाही.

यावर एका गावकऱ्याने मला चांगलं सुनावलं. म्हणाला, "तुमचं चालणं हौसेचं, आम्ही जन्मभर चालतोच आहोत." त्याचं खरं आहे. हे तलाव हौसेने बांधलेले नाहीत. आमच्या दादीने बहात्तरच्या दुष्काळात अशाच एका तलावाच्या कामावर डोक्यावरून माती वाहिली. खायला सुकडी आणि लाल मिलो. त्या काळच्या कामांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ला तिचा कायदा झाला. दादीने पाळ बांधली, पण त्या पाळीवरून ती कधी नुसतीच चालली असेल असं मला वाटत नाही.

आजही तसंच आहे. तळं सगळ्यात भरलेलं असतं ते दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. नेमकं तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. कोयता परत येतो तेव्हा पाणी तळाला गेलेलं, काठावर भेगाळलेला चिखल आणि गाळपेराच्या काकड्या. चक्रवाक कधीच निघून गेलेले. म्हणजे ज्यांच्या हातांनी तलाव झाला, त्यांच्याच घरच्यांना तो भरलेला बघायला मिळत नाही.

त्या गावकऱ्याला मी एवढंच म्हणालो की वाट साफ करण्याचं, काठ उतरता करण्याचं काम चैत्र-वैशाखात काढा, माणसं गावात असताना, आणि ठेकेदाराच्या मशीनला नव्हे, रोजगार हमीतून त्यांनाच द्या. तो म्हणाला, ग्रामसभेत बोलून बघतो. ग्रामसभा अजून झालेली नाही.