बसा खाली!

हल्ली सभ्यतेला फार चांगले दिवस आले आहेत. म्हणजे ती कुठे दिसते असे नव्हे. पण तिच्या नावाने गळा काढणारे जिथे तिथे भेटतात. ‘राजकारणाची पातळी किती खाली गेली हो!’ हे वाक्य फराळाच्या ताटावर चकलीच्या पहिल्या तुकड्याबरोबर निघते, आणि दुसऱ्या तुकड्याबरोबर तोच गृहस्थ समोरच्या पक्षाच्या बापजाद्यांचा उद्धार करू लागतो. मीही त्याच पंगतीतला. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयाने व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवशी दोन पक्षांच्या वक्त्यांना एका व्यासपीठावर बोलावले. अध्यक्ष कोण? तर मास्तर. कादंबऱ्या लिहितो, म्हणजे शब्दांशी ओळख असणार. वर्ग सांभाळतो, म्हणजे सभाही सांभाळील, असा मंडळींचा हिशेब. पहिला वक्ता उठला आणि मागे बसलेल्या पंचवीसतीस पोरांनी घोषणा सुरू केल्या. दुसरा उठला तेव्हा दुसऱ्या बाजूच्या पोरांनी उसने फेडले. मी घंटी वाजवली, हात जोडले, शाळेतला ठेवणीतला आवाज काढून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

मग त्या गिल्ल्याला जरा उसंत पडली तेव्हा पुढल्या सतरंजीवरून एक म्हातारे शेतकरी उठले. वक्त्याचे वाक्य मध्येच तोडून त्यांनी विचारले, ‘ते समदं ऱ्हाऊ द्या. टेलला पाणी कवा येनार, तेवढं सांगा.’

दोन्ही वक्त्यांनी एकमेकांकडे पाहिले. अख्ख्या संध्याकाळीत त्यांचे एकमत झालेले मी तेवढेच पाहिले. आणि मी, अध्यक्षमहाराज, काय केले? घंटी वाजवली आणि म्हणालो, ‘बाबा, सभेचे काही नियम असतात. बसा खाली.’

ते बसले. माझी घंटी त्या दिवशी एकाच माणसाने ऐकली.

मध्येच बोलणे आणि बोलू न देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर पुसून टाकण्यातच पुष्कळांची सोय असते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हवे असते. म्हणून तो विचारतो आणि गप्प राहतो. हुर्यो उडवणाऱ्याला काही ऐकायचे नसते आणि शेजाऱ्यालाही ऐकू द्यायचे नसते. तो वक्त्याचे तोंड बंद करतो असे आपण म्हणतो. छे! वक्त्याचे काय जाते? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे नाव येतेच, उलट जरा ठळकच येते. नागवला जातो तो दोन मैल चालत आलेला श्रोता.

कुणी म्हणेल, पूर्वी असे नव्हते. सुरतेची काँग्रेस आठवा म्हणावे. १९०७ चे ते अधिवेशन नागपूरला भरायचे होते; ते सुरतेला हलवले, तिथूनच मने बिघडलेली. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या वक्त्याला आरडाओरड करून बोलू दिले नाही आणि सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक व्यासपीठावर गेले. बोलायचे आहे अशी चिठ्ठी त्यांनी आधीच पाठवली होती. पण त्यांना बोलू देण्यात आले नाही. टिळक हाताची घडी घालून उभे राहिले. तेवढ्यात गर्दीतून एक मराठी जोडा उडाला आणि सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर जाऊन पडला. पुढे खुर्च्या आणि काठ्या.

हा जोडा आपल्याला पाठ आहे. शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, सुरत म्हटले की जोडा. पण त्याच मंडपात आणखी एक गोष्ट घडली. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, आणि त्याने ती लिहून ठेवली आहे. लोक टिळकांच्या अंगावर धावून जाऊ लागले तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहून, दोन्ही हात पसरून त्यांना आडोसा देणारे गृहस्थ होते गोपाळ कृष्ण गोखले! ज्यांच्याशी टिळकांचे डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून वाकडे, ते गोखले. आणि ‘केसरी’तली गोखल्यांविषयीची भाषा काही मोरावळ्याची नव्हती, हे काय सांगायला हवे? गोखल्यांनी ती वाचली नसेल थोडीच! १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. ‘अपशब्द वापरू नका’ एवढ्यावर ज्यांची सभ्यता संपते, त्यांनी त्या पसरलेल्या दोन हातांचे काय करायचे ते सांगावे.

आता दिल्लीकडे पाहा. २०१० चे संसदेचे हिवाळी अधिवेशन विरोधकांच्या गोंधळात जवळजवळ सबंध वाहून गेले. तेव्हा त्याला लोकशाहीतले हत्यार म्हणणारे पुढे सत्तेवर आले, आणि २०२३ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले. कारण सभागृहाची शिस्त! आणि २०१० साली शिस्तीच्या नावाने टाहो फोडणारे या वेळी हातात फलक घेऊन उभे. बाके बदलली की मते बदलतात; बाकांनाच मते असावीत, अशी मला शंका येते. लोकसभेच्या नियमांत असभ्य शब्द कामकाजातून काढून टाकण्याची सोय आहे. न दिलेले उत्तर मात्र कुठून काढून टाकायचे? ते मुळात लिहिलेलेच नसते.

गेल्या उन्हाळ्यात ते बाबा मला आठवड्याच्या बाजारात भेटले. मी ओळख दिली आणि जरा चाचरतच विचारले, ‘काय बाबा, आले का टेलला पाणी?’

‘कुठलं येतंय, मास्तर! आवर्तन सुटलं, पन वरल्या अंगालाच जिरलं.’ मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ते म्हणाले, ‘तुमची ती सभा पुन्यांदा कवा हाय? मी म्हन्तो, आदी तुमास्नी इचारूनच उभा ऱ्हाईन. मंग चालंल न्हवं?’