मार्चिंग आउटच्या यादीत नसलेलं मांजर

‘मांजर घर धरतं, माणूस धरत नाही.’ फौजेतल्या वीसेक वर्षांत हे वाक्य मी अनेक छावण्यांमध्ये, अनेक भाषांमध्ये ऐकलं आहे. ते नेमकं कधी म्हटलं जातं ते बघा. मांजर मांडीवर येऊन घुरघुरत असतं तेव्हा कुणी म्हणत नाही. पोस्टिंग ऑर्डर आली, काळ्या पेट्या बाहेर निघाल्या, ट्रक ठरला, की मग मात्र घरातल्या सगळ्यांना ते एकदम आठवतं. सामान बांधतानाच सुचणाऱ्या या ज्ञानाला मी पळवाट म्हणतो.

एप्रिल-मे महिन्यांत, मुलांच्या शाळा संपल्या की, कुठल्याही छावणीत फेरी मारा. रिकाम्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, बंद दारासमोर एखादं मांजर बसलेलं दिसेल. चार दिवस शेजारच्या वहिनी दूध घालतात. मग रंगरंगोटीवाले येतात, नवं कुटुंब येतं, त्यांच्याबरोबर बहुधा एक लॅब्रॅडॉर येतो. मांजर आधी कुंपणापलीकडे जातं, नंतर मेसच्या कचऱ्यावर. उत्तर बंगालात बिन्नागुडीला होतो, तिथे आजूबाजूला चहाचे मळे आणि मळ्यांत बिबटे. तिथे मागे राहिलेल्या मांजराचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आपल्याकडेच दुसरी एक म्हण आहे, ती मात्र अशा वेळी कुणाला आठवत नाही: मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं. धोका वाटला की मानगूट धरून एकेकाला नव्या जागी नेतं आणि शेवटचं पिल्लू हलेपर्यंत थांबत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या आम्हा फौजींना याहून जवळचा प्राणी कोणता?

आमची झिपरी बिन्नागुडीच्याच क्वार्टर मास्टर स्टोअरमध्ये, तंबूंच्या गठ्ठ्यांमागे जन्मली. तेरा वर्षं जगली. या काळात बिन्नागुडी, जोधपूर, पुण्यातलं एसएफ क्वार्टर, महू आणि पठाणकोट अशी पाच घरं तिने पाहिली. मांजर घर धरतं म्हणणाऱ्यांनी सांगावं, यांतलं कोणतं घर तिने धरलं होतं?

तिच्या सवयी मात्र पाचही ठिकाणी त्याच होत्या. वाटीतलं पाणी तिला चालायचं नाही. बाथरूमच्या बादलीत आधी पंजा बुडवून, तो चाटून, खात्री झाली तरच पाणी प्यायची. रात्री झोपण्याआधी प्रत्येक खोलीत डोकावून यायची, सगळे जागेवर आहेत का बघायला. माझ्या पीक कॅपमध्ये झोपायची, म्हणून प्रत्येक परेडच्या आधी मी चिकटपट्टीने टोपीवरचे केस काढायचो. संध्याकाळी रस्त्यावरून दहा जिप्सी गेल्या तरी ही हलायची नाही. आमच्या जिप्सीचा आवाज आला की फाटकावर हजर. काश्मीरमध्ये होतो तेव्हा बायको फोन स्पीकरवर टाकायची. झिपरी येऊन फोनच्या मागे जाऊन हुंगायची, माणूस कुठे लपलाय ते शोधायला. आणि पेटी उघडली रे उघडली की घडी केलेल्या युनिफॉर्मवर जाऊन बसायची. मला तर ते ‘मला विसरू नका’ असंच वाटायचं. तुम्ही काहीही म्हणा.

हे एका मांजरवेड्याचं कौतुक वाटत असेल, तर अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचं ऐका. २०१९ साली त्यांनी मांजरांच्या पिल्लांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लाला माणसाबरोबर अनोळखी खोलीत ठेवायचं, माणसाने थोडा वेळ बाहेर जायचं, मग परत यायचं. माणूस परत आल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्लं निर्धास्त झाली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. लहान मुलांमध्येही असंच काहीसं प्रमाण दिसतं. खोली अनोळखी होती, आधार माणसाचा होता.

मांजराला नवी जागा आवडत नाही, हे खरं आहे. पण त्यावर उपाय आहे, आणि तो दोन-तीन आठवड्यांचा आहे. सामानाच्या ट्रकमध्ये मांजर कधीही चढवू नका. त्याचा पिंजरा आपल्या हाताशी ठेवा. नव्या घरात आधी एकच खोली द्या, तिथे न धुतलेली जुनी चादर आणि त्याचंच वाळूचं घमेलं ठेवा. खाणंपिणं सुरळीत झालं की बाकीचं घर उघडा, बाहेर सोडायची घाई करू नका. अननोन एरियात पोहोचलेली कुठलीही तुकडी आधी हेच करते: एक सुरक्षित जागा, मग हळूहळू पुढे.

राहिला प्रवास. फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तर रेल्वेत मांजर बरोबर नेता येतं. जवानाला हा खर्च परवडत नाही, मला माहीत आहे. म्हणून माझा राग जवानावर कमी आणि आम्हा अधिकाऱ्यांवर जास्त आहे. ज्याला नेणं खरोखर जमत नाही, त्याने महिनाभर आधी दुसरं घर शोधावं, मांजराची नसबंदी आणि लसी करून द्याव्यात आणि त्याला स्वतःच्या हाताने त्या घरी पोचवावं. ‘इथेच राहील, कुणीतरी घालेल खायला’ ही व्यवस्था नव्हे.

आणि ही आपली परंपराही नव्हे. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती पडलेलं पेडोंगी नावाचं खेचर आपल्या हद्दीत परत आलं, त्याचा फौजेने मान राखला. २०२२ साली अनंतनागच्या चकमकीत गोळ्या लागलेल्या झूम या श्वानाला फौजेने मानवंदना देऊन निरोप दिला. कुणी म्हणेल, ते सेवेतले प्राणी, मांजर काय करतं? माझ्या दोन्ही मुलांना विचारा, बाप सीमेवर असताना रात्री उशाशी कोण असायचं.

कायदाही आपल्या बाजूने नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा त्यातल्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. क्वार्टर सोडताना एक ट्यूबलाइट कमी भरली तरी याहून जास्त वसुली होते.

मार्चिंग आउटच्या वेळी पंखे मोजले जातात, नळ मोजले जातात, खिडकीची तडकलेली काचसुद्धा लिहिली जाते. कॅन्टीन, लायब्ररी, गॅस, सगळ्यांची क्लिअरन्स लागते. त्या कागदावर आणखी एक ओळ यावी: पाळीव प्राणी आहे का, आणि तो कुठे जातो आहे? समोर सही. एवढ्याने सगळं सुधारणार नाही, पण सही करताना निदान हात अडखळेल. दूध पिताना मांजर डोळे मिटतं आणि त्याला वाटतं कुणी बघत नाही, अशी आपली म्हण आहे. क्वार्टरला कुलूप लावून, मागे न बघता गाडीत बसणाऱ्यांना ती जास्त लागू पडते.

स्टेशन हेडक्वार्टर्समध्ये बसलेले माझे बॅचमेट हे वाचत असतील. त्यांनी पुढच्या पोस्टिंग सीझनच्या आधी ही एक ओळ टाइप करून घ्यावी. मंजुरीला एक सही लागते, आणि ती तुमचीच आहे.