वाळवंट दोन दिवसांत 'उरकायचं' नसतं

राजस्थान करून आलो असं कुणी सांगितलं की मी एकच प्रश्न विचारते, एका गावात सलग किती रात्री राहिलात? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'एक'. जयपूरला एक, जोधपूरला एक, जैसलमेरला एक, आणि सम गावाच्या वाळूत तंबूतली एक. आठ दिवस, सहा हॉटेलं, हजारभर फोटो. घरी आल्यावर नवरा म्हणतो मजा आली, आणि बायको दोन दिवस झोपून काढते.

मैत्रिणींनो, त्या दोन दिवसांच्या झोपेचा कधी विचार केलाय? रोज पहाटे बॅगा भरायच्या, गोळ्यांची पुरचुंडी शोधायची, ओले टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे, रात्री नव्या खोलीत पुन्हा सगळं बाहेर काढायचं. सहा हॉटेलं म्हणजे बाईसाठी सहा वेळा संसार मांडणं आणि सहा वेळा मोडणं. याला सुट्टी म्हणायचं असेल तर घरचा स्वयंपाक काय वाईट?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलं मार्गी लागलेल्या जोडप्याने वाळवंटात जावं, पण सावकाश जावं. दहा-अकरा दिवस हाताशी असतील तर मुक्काम फक्त दोन करावेत. आम्ही फेब्रुवारीत तसंच केलं. चार रात्री फलोदी, सहा रात्री जैसलमेर. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर, आणि पुढचा सगळा प्रवास एकाच रेल्वेमार्गावर. ओसियां, फलोदी, रामदेवरा, जैसलमेर ही सगळी स्टेशनं याच मार्गावर येतात. गाडी भाड्याने घेतली ती आसपासच्या गावांपुरतीच.

'फलोदीत काय आहे?' असं घरातल्या प्रत्येकाने विचारलं. पेपर वाचणाऱ्यांना ते गाव उन्हाळ्यापुरतं माहीत असतं. 19 मे 2016 रोजी तिथे 51 अंश तापमान नोंदलं गेलं, आपल्या देशातला उच्चांक. पण हिवाळ्यात तिथून चार-पाच किलोमीटरवरच्या खीचन गावात हजारो कुरजां उतरतात. हा राखाडी अंगाचा, काळ्या गळ्याचा, नाजूक करकोचा मध्य आशिया आणि मंगोलियाकडून येतो आणि मार्चपर्यंत मुक्काम ठोकतो. गावातल्या जैन कुटुंबांनी काही दशकांपूर्वी त्यांना धान्य घालायला सुरुवात केली. कुंपण घालून 'चुग्गाघर' बांधलं. आज देशोदेशींचे पक्षीतज्ज्ञ तिथे येतात आणि 2025 मध्ये खीचनला रामसर पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला.

जीवदयेवर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकतो. इथे ती पोत्यांत मोजता येते. रोज धान्य आणायचं, निवडायचं, पसरायचं आणि पक्षी उतरायच्या आत बाजूला व्हायचं. आभार मानायला कोण येणार? पक्षी दाणे टिपतात आणि उडून जातात. पण हे समजायला एक सकाळ पुरत नाही. पहिल्या दिवशी आपण फक्त फोटो काढतो. तिसऱ्या दिवशी फोन खिशात राहतो, आणि कुरजांचे थवे आवाज करत गोल फिरून एकदम खाली कसे येतात ते नुसतं बघत बसतो. हे माझ्या शेजारी भिंतीला टेकून तासभर गप्प बसले होते. चौतीस वर्षांच्या संसारात हा माणूस पेपर, फोन आणि टीव्ही यांच्याशिवाय तासभर बसलेला मी पाहिला नव्हता.

ओसियांला तर आपल्यातल्या अनेकांनी जायलाच हवं. नगर, पुणे, जालन्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कितीतरी ओसवाल घरं आहेत. त्यांचं नाव या गावावरून आलं. आठव्या शतकातलं महावीर मंदिर आणि टेकडीवरचं सच्चियाय मातेचं मंदिर, दोन्ही एकाच गावात. बसवाले तिथे चाळीस मिनिटं देतात. चाळीस मिनिटांत चपला काढायच्या, पाणी प्यायचं, स्वच्छतागृह शोधायचं. दर्शन कधी घ्यायचं?

आता जैसलमेर. रावळ जैसलने 1156 मध्ये वसवलेला हा गड जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि आजही त्यात माणसं राहतात. गॅलऱ्यांतून कपडे वाळत असतात, पायरीवर कुणीतरी भाजी निवडत असतं. गडावरची पिवळ्या दगडातली जैन मंदिरं आणि त्यांच्याखालचं जिनभद्रसूरींचं ज्ञानभांडार पाहिल्यावर मला एकच प्रश्न पडला. वाळवंटाच्या टोकाला ताडपत्रावरच्या पोथ्या का ठेवल्या असतील? उत्तर जागेवरच मिळतं. कोरडी हवा, उंच गड, लांबचा रस्ता. वाळवी, ओल आणि लुटारू, तिघांपासून लांब. ज्याला आपण ओसाड म्हणतो त्या मुलखाने आपलं ज्ञान शतकानुशतकं सांभाळलं.

आणि आपण त्या गडाला काय देतो? पाणी. हे वाचून हसू नका. जिथे वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे पूर्वी पाणी डोक्यावरून गडावर यायचं आणि थेंबाथेंबाने वापरलं जायचं. नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं. ते सांडपाणी झिरपून गडाच्या पायात मुरलं. काही बुरूज ढासळले, आणि 1996 साली या गडाचं नाव जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत गेलं. म्हणजे दोन तास शॉवरखाली वाळू धुणारा प्रवासी शत्रूच्या फौजेपेक्षा काही कमी नाही. आम्ही गडाखाली उतरलो आणि बादलीने आंघोळ केली. गाळलेलं पाणी मोजून वापरण्याची शिकवण आपल्या घरात आहेच. ती फक्त सामानात घालून न्यायची.

पाण्याची खरी शाळा मात्र गावाबाहेर आहे. 'टांका' म्हणजे जमिनीखालची टाकी. तिच्याभोवती गोल उताराचं, स्वच्छ ठेवलेलं अंगण असतं, त्याला आगोर म्हणतात. पावसाचा थेंब आगोरावर पडतो आणि टाक्यात जातो. आगोरात चपला घालून जायचं नाही, ही रीत. 'खडीन' त्याहून मोठं. उताराला मातीचा लांब बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर हरभरा, गहू पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांनी हे तंत्र या भागात वाढवलं. कुलधऱ्याला सगळे जातात, भुताची गोष्ट ऐकतात आणि परततात. ज्या लोकांनी वाळवंटात गहू पिकवला त्यांच्या गावात आपल्याला भूतच कसं दिसतं? अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूंदें' हे छोटं हिंदी पुस्तक जायच्या आधी वाचा. भुताची गोष्ट फिकी पडेल.

लोद्रव्याला अर्धा दिवस नको, एक दिवस काढा. भाटी राजांची जुनी राजधानी, आता उरलंय ते मुख्यतः पार्श्वनाथांचं मंदिर. सतराव्या शतकात थारू शाह यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. राजधानी गेली, बाजार गेला, मंदिर पुन्हा उभं राहिलं. दुपारच्या शांततेत तिथे बसलं की अनित्य भावना समजवायला महाराजसाहेबांची गरज पडत नाही.

जेवणाची चिंता करणाऱ्यांना सांगते, आपल्यासाठी यापेक्षा सोयीचा मुलूख नाही. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य, आणि इथे हिरवी भाजी मुळात कमीच. सांगरी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो त्या शमीच्या शेंगा, गुंदा म्हणजे आपलं भोकर. केर, कुमट यांच्यासोबत हे सगळं वाळवून वर्षभर ठेवतात. शिवाय गट्टे, पापडाची भाजी, बाजरीची भाकरी. तीर्थांच्या भोजनशाळेत सूर्यास्ताआधी ताट वाढलेलं असतं. उलट तंबूच्या पॅकेजमध्ये नाचगाणं आधी आणि जेवण रात्री नऊला. चौविहार करणाऱ्याने काय करायचं? वाळूकडे बघत उपाशी झोपायचं?

तंबूंबद्दल बोलले की लोक म्हणतात, तिथल्या पोरांना रोजगार मिळतो. खरं आहे, आणि तो मिळायलाच हवा. पण मांगणियारांचं गाणं ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात चार मिनिटं ऐकून बक्षिसी फेकण्यापेक्षा, गावात राहून संध्याकाळभर त्यांना बोलावलं, नीट ऐकलं आणि नीट मानधन दिलं तर पैसा थेट त्यांच्या हातात जातो. उंटवाल्याचं, घरगुती जेवण देणाऱ्या बाईचंही तेच. शिवाय याच भागात डेझर्ट नॅशनल पार्क आहे. एकेकाळी आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला दिसणारा माळढोक आज प्रामुख्याने तिथे तग धरून आहे, सारे मिळून दीडशेच्या आसपास. त्याच्या शेजारी रात्री बारापर्यंत दणदणाट आणि वाळूवर जीपगाड्यांच्या शर्यती, हा कसला आनंद? परस्परोपग्रह आपण सूत्रात म्हणतो. सहलीला निघताना ते घरी ठेवून जायचं का?

सावकाश प्रवास महाग पडतो, हाही गैरसमज. रोजची गाडी नाही, रोज नवं हॉटेल नाही. धर्मशाळा, भोजनशाळा, रेल्वे आणि पायी फिरणं, यात आमचा खर्च पॅकेजपेक्षा कमी झाला. वेळ मात्र लागतो. तो काढायचा असतो. साड्यांचं कपाट, नातवाची शाळा, दुकानाचा हिशेब, कुठलीच गोष्ट दहा दिवसांत बुडत नाही.

आणि एक शेवटचं, फक्त बायकांसाठी. पहिले दोन दिवस नवरा-बायको मुलांबद्दलच बोलतात. तिसऱ्या दिवशी तो विषय संपतो आणि थोडी पंचाईत होते. तिथेच बहुतेक सहली पुढच्या गावाला पळतात. पळू नका. त्याच गावात, त्याच बाकावर बसून राहा. पाचव्या दिवशी ह्यांनी मला विचारलं, 'लग्नाआधी तुला काय व्हायचं होतं?' चौतीस वर्षांत हा प्रश्न आला नव्हता, कारण त्यासाठी कधी रिकामी दुपारच नव्हती.

यंदा दिवाळीनंतर नवऱ्याने पॅकेजचा कागद पुढे केला, तर त्यावरची गावं मोजा आणि त्यातली चार खोडून टाका. उरलेल्या दोन गावांतच तुमचं वाळवंट आहे.

जय जिनेंद्र.