देवीचे वस्त्र आणि वधूचे वस्त्र

लग्नाची याद करावयास घरातील मंडळी बसली की वधूच्या शालूच्या आकड्यापाशी वधूपित्याची जीभ अडखळते. तो काही बोलू पाहतो, तोच ‘हौसेला मोल नसते’ असे सुनावून त्याला गप्प करण्यात येते. परंतु ही म्हण उच्चारणारा आणि मोल मोजणारा हे बहुधा दोन निराळे गृहस्थ असतात!

या खर्चाला धर्माचा आधार आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो दाखवावा. पारस्कर गृह्यसूत्रात वर वधूला वस्त्र नेसावयास देतो, त्या वेळच्या मंत्रात तिच्या दीर्घायुष्याची प्रार्थना आहे. जरीचा विचार त्यात कोठेही नाही. रूढी म्हणाल, तर आपल्याकडील अनेक घराण्यांत मुहूर्ताचे वस्त्र म्हणजे मामाकडून आलेली साधी पिवळी अष्टपुत्री. शालूचा मान त्यानंतरचा. कायदा म्हणाल, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम विधी पाहते, आणि जेथे सप्तपदी हा विधी आहे तेथे सातव्या पावलाशी विवाह पूर्ण मानते. गोमंतकात तो कायदा लागू नाही. तेथे नागरी निबंधकापुढील सह्या प्रमाण. वधूच्या पदराची चौकशी दोन्हीकडे होत नाही. विवाह हा संस्कार आहे, गाण्याबजावण्याचा आणि खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली बजावले, ते उगाच नव्हे.

‘मग पैठणी विणणाऱ्याने जगावे कसे?’ असा एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाही. हातमागावरच्या अस्सल पैठणीमागे कित्येक आठवड्यांचे, प्रसंगी महिन्यांचे श्रम असतात. तिची किंमत वाजवीच आहे आणि ऐपत असणाऱ्याने ती अवश्य द्यावी. परंतु कर्ज काढणाऱ्या बापाच्या पदरी पुष्कळदा पडते ती यंत्रमागावरची नक्कल. तीत विणकरही बुडतो आणि बापही.

यावरचा उपाय आपल्या देवळातच आहे. देवीला भक्तजन वर्षभर साड्या अर्पण करतात. गोमंतकातील कित्येक देवस्थानांत त्यांची पुढे पावणी होते; कोठे त्या प्रसाद म्हणून दिल्या जातात. माझी सूचना एवढीच, की त्यांतील काही साड्या पावणीस न काढता वधूंसाठी राखाव्यात, आणि आपल्या देवस्थानाच्या कुळाव्यातील प्रत्येक वधूने मुहूर्ताला देवीच्या अंगावरून उतरलेले वस्त्रच नेसावे. महाजनांच्या सभेत असा ठराव मांडण्यास कोणाची हरकत असावी?

मात्र एक अट आहे. आरंभ श्रीमंतांच्या घरून झाला पाहिजे. गरिबाच्या मुलीला देवीची साडी आणि सावकाराच्या मुलीला पैठणी, असे झाले तर तो प्रसाद राहणार नाही; ते दारिद्र्याचे प्रमाणपत्र होईल, आणि कोणताही स्वाभिमानी बाप ते घेण्यापेक्षा कर्जच काढील. म्हणून जे देवस्थानाच्या समितीवर बसतात, पालखीला पहिला खांदा देतात, त्यांनी आपल्या लेकीला प्रथम ते वस्त्र नेसवावे. पैठणीची हौस संध्याकाळी पुरवावी. तिला कोण आडवा येतो?

देवीच्या अंगावर जे शोभले, ते आपल्या मुलीला कमीपणा आणील असे ज्यास वाटत असेल, त्याने सभेत उभे राहून तसे स्पष्ट बोलून दाखवावे.