रद्द झालेल्या तारकासमूहांची बाजू

आंतरराष्ट्रीय खगोल संघाने 1922 साली 88 तारकासमूह मुक्रर केले आणि यूरोपीय नकाशांतले बाकीचे सगळे बाद झाले. ते राजांच्या खुशामतीतून आणि ज्योतिर्विदांच्या लहरीतून जन्मले होते, शास्त्राने केर काढला, असे आजही सांगितले जाते. हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही.

खुशामत हाच निकष असता, तर पोलंडच्या यान सोबिएस्कीच्या नावाने हेवेलियसने 1684 साली आकाशात ठेवलेली ढाल आधी जायला हवी होती. ती राहिली, फक्त राजाचे नाव गळले. इजिप्तच्या बेरेनिस राणीचे केस तर नावासकट राहिले. हॅलीने दुसऱ्या चार्ल्ससाठी कल्पिलेला ओक वृक्ष मात्र गेला. लहरीचे म्हणाल, तर लाकायने दक्षिण आकाशात मांडलेला हवेचा पंप आज अधिकृत आहे आणि बोडेने 1801च्या नकाशात घातलेला छापखाना बाद! पंप शास्त्रीय आणि छापखाना पोरकट, हे कोणत्या न्यायाने? एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या तारासूचीकारांनी काही नावे उचलली, काही सोडली. निवाडा मुख्यतः तिथेच झाला.

यादी हवीच होती, यात वाद नाही. डेलपोर्टच्या 1930च्या सीमारेषांमुळे कोणता तारा कोणत्या समूहात, हा घोळ मिटला. पण याच व्यवस्थेच्या आत जुने नकाशे शाबूत आहेत. टॉलेमीच्या आर्गो नौकेचे तीन समूह केले, तरी ताऱ्यांची ग्रीक अक्षरे तिचीच ठेवली. आपला अगस्त्य हा त्या नौकेचा अल्फा. तो नौकातलात गेला. म्हणून नौशीर्षाची अक्षरे गॅमापासून आणि अरित्राची झीटापासून सुरू होतात. आर्गो वगळून हे विद्यार्थ्याला समजावणार कसे?

लालांदचे भित्तियंत्र (लॅटिनमध्ये क्वाड्रन्स म्युरालिस) तर माझ्या मते सर्वांत हक्काचे होते. पॅरिसच्या लष्करी विद्यालयातल्या अशा यंत्राने त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे 47 हजार ताऱ्यांची स्थाने मोजली. त्याचे स्मरण म्हणून 1795 साली त्याने भूतपाच्या उत्तरेला हा समूह मांडला. राजाचे नव्हे, कामाच्या हत्याराचे नाव! समूह गेला, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला क्वाड्रंटिड्स उल्कावर्षाव आजही त्याच नावाने नोंदला जातो.

तेव्हा तारानकाशांत ही नावे तुटक रेषेत, मांडणाऱ्याच्या नावासह आणि सालासह छापावीत. आणि क्वाड्रंटिड्स दाखवणाऱ्याने लालांदचे यंत्र सांगितल्याशिवाय भूतपाकडे बोट करू नये.